दोर धरणारा आणि कागद देणारा

पत्र असं आहे :

"ताई, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा बालमित्र. पहिलीपासून एका बाकावर, पुढं एकाच तालमीत, आणि गेली तीस वर्षं तो आमच्या तालीम मंडळाचा कारभारी. गणपतीतल्या सजीव देखाव्याची संहिता मी लिहायची आणि बाकीचं सगळं त्यानं बघायचं, अशी आमची वाटणी. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी आणि नंतर चहा, हा नेम चाळीस वर्षांचा.

यंदा मी २०१९ च्या महापुरावर लिहिलं. एक दुकानदार पाण्याची बाटली तिप्पट भावानं विकतो. मंडळाचा एक कार्यकर्ता दिवसभर लोकांना बोटीतून काढतो आणि रात्री मदतीच्या धान्याची दोन किट गुपचूप आपल्या घरी नेतो. शेवटी दुकानदाराच्याच घरात पाणी शिरतं, तोच कार्यकर्ता त्याला बाहेर काढतो, आणि दोघं एका बोटीत एकमेकांकडं बघत बसतात. कुणी काही बोलत नाही. पडदा. किट नेणारा पोरगा खरा आहे, पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

पाडव्याच्या बैठकीत मित्रानं वाचलं आणि वही खाली ठेवली. म्हणाला, 'ह्यात संदेश कुठाय? लोकांस्नी सांगितल्याबिगर कळत न्हाई. दुकानदाराला शेवटी चार जणांनी बडवलं पायजे आन् निवेदकानं सांगितलं पायजे, असं वागू नका. आन् ते किटचं पान फाड, पेठेची अब्रू हाय.' मी म्हणालो, लोक शहाणे असतात, कला म्हणजे चौकातला सूचनाफलक नव्हे. तो म्हणाला, 'मानूस भ्यायल्याबिगर सरळ चालत न्हाई. तुझं शाळंतलं शाळंत ठेव.' मला ते फार लागलं. वही उचलली आणि निघून आलो.

त्याला दोन महिने झाले. रंकाळ्याला तो आता उलट्या बाजूनं फेरी मारतो. रोज एकदा समोरासमोर येतो आणि दोघंही पाण्याकडं बघतो. मंडळ दुसरीकडून संहिता मागवणार असं कानावर आलंय. बायको म्हणते, आता भांडायचं वय राहिलं नाही, सोडून द्या. मला सोडता येत नाही. माणसाबद्दल इतकं वाईट मत असलेल्याशी मैत्री ठेवता येते का? आणि माझं चुकलं कुठं?"

सर,

नाव लिहिलं नाहीत म्हणून सर म्हणते. जन्मभर मुलांनी तुम्हाला तेच म्हटलं असणार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. देखाव्याच्या शेवटाबाबत मी तुमच्या बाजूची आहे. ते दोघं एका बोटीत गप्प बसलेत, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तिथं निवेदक बोलायला लागला तर बघणाऱ्याच्या छातीत जे दाटून आलेलं असेल ते तिथंच विरून जाईल. पण वही उचलून बैठकीतून निघालात, ते चुकलं. आणि किटच्या पानाबद्दल मित्र तुम्हाला काहीतरी सांगू बघत होता, ते तुम्हाला ऐकू आलं नाही असं मला वाटतं. त्याकडं मी शेवटी येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे.

आधी त्या 'वाईट मता'बद्दल.

तीस वर्षं मंडळाचा कारभार बघणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्गणीची पावती घेऊन गेल्यावर कोण हसून चहा पाजतं आणि कोण घरात असून 'पप्पा न्हाईत' म्हणायला पोराला दारात पाठवतं, हे त्याला गल्लीवार पाठ असणार. विसर्जन मिरवणुकीत मूर्तीभोवती दोर धरून पोरं चालतात. तो दोर एका कोपऱ्यात जरा ढिला पडला की मागची गर्दी कशी आत लोटते, कडेला उभ्या असलेल्या बाईच्या हातातलं पोर कसं सुटतं, हे त्यानं बघितलंय. ज्यानं तीस अनंत चतुर्दशींना तो दोर ताणून धरलाय, त्याला 'लोक शहाणे असतात' हे वाक्य ऐकून तळहाताला पडलेले वळच आठवणार.

तुम्ही उभं आयुष्य कोरा कागद वाटलात. चाळीस मुलांना एकच विषय दिला, पावसाळ्यातला दिवस, आणि चाळीस वेगवेगळे पाऊस परत आले. मीही शाळेत मराठी शिकवलंय, म्हणून सांगते. कुणी न सांगता एखादी पोरगी छत्रीच्या खाली भिजलेलं कुत्रं काढते, आणि त्या दिवशी घरी जाताना आपल्याला जगाबद्दल बरं वाटतं. तुमचं मत त्या कागदांतून आलंय आणि त्याचं त्या दोरातून. दोघांनी माणूसच बघितला. त्यानं गर्दीतला, तुम्ही बाकावरचा. तुम्ही त्याच्या मताला वाईट म्हणता. मला ते दमलेल्या माणसाचं मत वाटतं, आणि दमलेला माणूस वाईट नसतो.

गावाकडं बघितलं तर पुरावे दोघांनाही मिळतील. या गावानं सिनेमाला जीव लावला. १९१७ मध्ये बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ मध्ये प्रभात इथंच सुरू झाली. आणि याच गावात, १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ज्या जागेत शिवाजी महाराजांवरच्या चित्रपटांची स्वप्नं रंगली, तीच जागा. भालजींनी ती पुन्हा उभी केली, हेही खरं. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा रस्त्यावर उभी राहून माणसं ढसाढसा रडली. त्या इमारतीत त्यातल्या कुणाचा एक रुपया अडकलेला नव्हता. आता यातलं कोल्हापूर कुठलं खरं म्हणायचं?

माझ्याकडं याचं उत्तर आहे, पण ते इतिहासातून आलेलं नाही. आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही ज्या महापुरावर लिहिलंत, त्याच ऑगस्टातली गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद. दूध नाही, पेट्रोल नाही. शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी गत. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे, तिथं सुतारवाड्यातली, दुधाळीतली कुटुंबं येऊन राहिली होती. आम्ही दहा-बारा बायका सकाळपासून तिथं चपात्या लाटत होतो. मी मोजत होते, नव्वदच्या पुढं मोजायचं सोडलं. मनगटं सुजली होती, पण मन इतकं निर्मळ झालं होतं की तसं मला आयुष्यात क्वचित वाटलंय. ओळखीपाळखी नसलेल्या म्हाताऱ्या 'बाई, तू बी खा गं' म्हणून ताट पुढं करत होत्या.

त्याच संध्याकाळी शेजारची सून दारात आली. कडेवर आठ महिन्यांचं बाळ. म्हणाली, "मावशी, तांब्याभर पाणी आहे का हो? बाळाचं दूध करायचंय." माझ्या कॉटखाली वीस लिटरचे दोन जार होते. भरलेले, वर जुनी चादर टाकलेली. आणि मी म्हणाले, "नाही गं."

ती गेली. मी दार लावलं. घरात तान्हं मूल नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, कारण म्हणावं असं काहीच नव्हतं. उद्या टँकर आला नाही तर काय, एवढीच भीती. जेवण गेलं नाही. रात्री साडेदहाला कळशी भरली आणि तिच्या दारी गेले, तर तिला तोवर कुठून तरी मिळालं होतं. "राहू दे मावशी, तुम्हालाच लागेल," म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं. कळशी मी तशीच परत आणली, आणि ती उचलून आणताना जितकी जड लागली तितकं मला दुसरं काही लागलेलं नाही.

आता त्या दिवशीची मी कोण होते, सर? नव्वद चपात्या लाटणारी, जारावर चादर टाकणारी, की साडेदहाला कळशी घेऊन निघालेली? तुमचा मित्र म्हणेल, बघ, कुणी बघत नसलं की माणूस असा. तुम्ही म्हणाल, बघ, कुणी न सांगता ती रात्री उठली. दोघंही खरं बोलाल. म्हणून तुमच्या संहितेतला तो किट नेणारा पोरगा मला एका ओळीतच ओळखीचा वाटला. दिवसभर बोट वल्हवणारा आणि रात्री किट उचलणारा एकच असतो, हे तुम्ही लिहिलंत. तुम्ही मित्राला म्हणालात, 'लोक शहाणे असतात'. पण तुमची संहिता तर त्याहून अवघड काहीतरी सांगते! ती तुमच्या दोघांच्याही मतापेक्षा पुढं गेली आहे, आणि बैठकीत तुम्ही तिची बाजू न मांडता आपल्या मताची बाजू मांडत बसलात.

मित्राशी बोलताना एक माणूस मध्ये आणा. त्याला दोघंही मानता, पेठेत त्याला न मानणारा नाही. शाहू महाराज.

महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं ठरवलं. कुठल्याही जातीच्या, कुठल्याही झोपडीतल्या पोराला अक्षर येऊ शकतं, हा त्यामागचा भरवसा. त्या काळच्या कितीतरी शिकल्यासवरल्या माणसांना तो नव्हता. आणि त्याच योजनेत, जो बाप पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. पोरावर पूर्ण विश्वास आणि बापाला दंड, एकाच कागदावर! त्याआधी २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा. संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी. अधिकाऱ्यांचं मन कधीतरी मोठं होईल म्हणून महाराज थांबले नाहीत, त्यांनी आकडाच लिहून टाकला. तुमच्या मित्राला हे ऐकायला आवडेल. ऐकवाच. माणसाला काही वेळा धाक लागतो, हे राजर्षींनाही माहीत होतं.

पण मग गंगाराम कांबळेंचा चहाही त्याला आठवून द्या. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून ज्या माणसानं मार खाल्ला, त्याला महाराजांनी हॉटेल घालायला बळ दिलं, आणि तिथं गाडी थांबवून स्वतः चहा घेतला. बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. भर रस्त्यात, चार लोकांच्या देखत. शिवाशिव पाळू नका असं सांगणारी भाषणं पुष्कळ झाली असतील, पण शंभर वर्षांनंतर गावाला आठवतो तो चहा. सर, तो कप म्हणजे कोल्हापुरातला सगळ्यात मोठा सजीव देखावा होता. त्याला निवेदक लागला नाही.

खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ चं, आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. दोन्ही एकाच राजानं बांधली, भिंतीला भिंत लावून. मैदानात पंच लागतो. चितपट झाली की कुणाचा तरी हात वर करून दाखवावाच लागतो, नाहीतर लोक उठायचे नाहीत. पलीकडच्या रंगमंचावर कुणी हात वर करून कोण जिंकलं ते सांगत नाही, तरी प्रेक्षक तिथून गलबलून बाहेर पडतात. तुमचा मित्र जन्मानं तालमीतला. दुकानदाराला शेवटी बडवा म्हणतो तेव्हा तो पंचाचं काम मागतोय. ते काम चुकीचं नाही, जागा दुसरी आहे. असं त्याच्या भाषेत बोलाल तर तो ऐकेल. 'सूचनाफलक' म्हणालात तेव्हा तुम्ही त्याची तीस वर्षं एका शब्दात मोडीत काढलीत.

तुमचा वाद कोल्हापूरला नवा नाही, हेही तुम्हाला आठवत असेल. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ मध्ये इथं आले, सिनेमाच्या कथा लिहिता लिहिता इथलेच झाले. कलेसाठी कला, हा फडक्यांचा पक्ष. जीवनासाठी कला, हा खांडेकरांचा. सगळा महाराष्ट्र दोन बाजूंनी भांडत होता आणि ते दोघं एकाच गावाचं पाणी पीत होते. १९४० च्या रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके, पुढच्याच वर्षी सोलापूरचे खांडेकर. माझी आई करवीर नगर वाचन मंदिरातून दोघांची पुस्तकं आळीपाळीनं आणायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं की यातला एकच निवडायचा असतो. आणि वाचताना गंमत अशी दिसायची की फडक्यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीवर कादंबऱ्या लिहिल्यात, आणि खांडेकर ध्येयवादावर लिहिताना उपमा अशा घालायचे की आई त्या वहीत उतरवून घ्यायची. पक्ष वेगळा, हात वेगळा. लिहिणारा मनापासून लिहायला बसला की पक्ष मागं पडतो.

आता संदेशाबद्दल. इथं मित्राला सोडून चालणार नाही, कारण त्याच्या बोलण्यात कारागिरीचा एक मुद्दा आहे, आणि तो तुमच्या लक्षात आलेला नाही.

सजीव देखाव्याचा प्रेक्षक खुर्चीत बसलेला नसतो. तो रस्त्यात उभा असतो, खांद्यावर पोर, हातात कणीस, मागून रेटा. दहा-बारा मिनिटांचा खेळ, रात्रीत कितीतरी वेळा. निम्मे लोक मध्येच येऊन उभे राहतात. तुमच्या बोटीतल्या त्या शांततेत शेजारच्या मंडळाचा साउंड घुसणार, हे तुमचा मित्र डोळे मिटूनही सांगेल. मागच्या रांगेतल्या माणसाला दोन चेहऱ्यांवरचे भाव दिसणार नाहीत. त्याला फक्त दोघं बसलेले दिसतील आणि वाटेल, रेकॉर्डिंग बंद पडलं. 'लोकांस्नी सांगितल्याबिगर कळत न्हाई' यातला 'सांगितल्याबिगर' काढा आणि 'दाखवल्याबिगर' घाला, की तुमचं आणि त्याचं जमतं. शब्द नको, पण हालचाल हवी. दुकानदार भिजलेल्या पिशवीतून एक बाटली काढून कार्यकर्त्यापुढं धरतो. कार्यकर्ता क्षणभर बघतो, घेतो, अर्धी पितो, परत देतो. हात पुढं झालेला लांबून दिसतो. खांद्यावरच्या पोरालाही कळतो. तिप्पट भावाची बाटली फुकट दिली, हे कुणाला फोडून सांगावं लागणार नाही. हे माझं सुचवणं. तुमच्या मित्राला विचारलंत तर तो याहून चांगलं काहीतरी सांगेल, कारण गर्दीला काय दिसतं ते त्याला तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आता ते किटचं पान.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्या नाटकाची गोष्ट आहे. इंद्राच्या ध्वजाचा उत्सव, देवांनी दैत्यांना हरवल्याचं कथानक. दैत्य प्रेक्षकांत होतेच. त्यांना राग आला. विरूपाक्ष त्यांचा पुढारी. त्यांनी मायेनं नटांची वाचा आणि आठवणच गोठवून टाकली. इंद्रानं ध्वजाचा दांडा घेऊन त्यांना झोडपलं. मग नाट्यगृह बांधलं, राखणीला देव बसवले. पण तेवढ्यानं भागलं नाही. शेवटी ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलावं लागलं. तेव्हा विरूपाक्ष जे म्हणतो ते फार मोलाचं आहे. तो म्हणतो, तुम्ही देवांसाठी आमचा अपमान केलात, हे तुम्हाला शोभत नाही, कारण जसे देव तुमच्यापासून झाले तसेच आम्हीही. ब्रह्मदेव त्याला वेडा ठरवत नाही. नाटक तुमचं आणि देवांचं, दोघांचंही बरंवाईट दाखवतं, सगळ्या त्रैलोक्याचे भाव त्यात येतात, असं समजावून सांगतो.

तुमचा मित्र 'पेठेची अब्रू' म्हणाला तेव्हा मला विरूपाक्षच आठवला. त्याचा प्रश्न तोच आहे, आम्हीही इथलेच की. तुमच्या संहितेत खोट करणारे दोन, आणि दोन्ही पेठेतले. तेही चालेल. पेठ एवढी हळवी नाही. दोष दाखवायला माझी ना नाही, उलट गणपतीसमोर आपलाच दोष मांडणारं मंडळ मला हजार रोषणाईपेक्षा मोठं वाटेल. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय, पोरगा खरा आहे, सगळ्यांना माहीत आहे. तो आता तिशीच्या आसपास असेल. कदाचित लग्न झालं असेल. देखाव्याच्या रात्री तो त्याच गर्दीत उभा असणार, बायको शेजारी, पोर खांद्यावर. देखाव्यात किट उचललं जाईल आणि आजूबाजूच्या पन्नास माना त्याच्याकडं वळतील. दोष दाखवणं वेगळं आणि बोट दाखवणं वेगळं, सर. पहिलं कलेचं काम आहे. दुसऱ्यानं त्या पोराच्या आयुष्याला एक शिक्का बसेल, तोही त्याच माणसाच्या हातून, जो म्हणतो की माणसावर माझा विश्वास आहे.

तुम्ही माणसाला चांगलं मानता आणि तुमच्या पानानं एक माणूस उघडा पडतो. मित्र माणसाला भित्रं मानतो आणि ते पान फाड म्हणून त्या पोराला झाकतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तुमचं पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ गप्प बसले. तो 'अब्रू' म्हणाला ती पेठेची होती, की त्या पोराची? कारभारी माणसं पोराचं नाव बैठकीत घेत नाहीत, पेठेचं घेतात.

म्हणून पान फाडू नका, माणूस बदला. किट नेणारा मंडळाचा कार्यकर्ता ठेवू नका. त्याच्या जागी कुणाला ठेवायचं, ते ठरवताना आधी स्वतःकडं बघा. त्या पुरात तुम्ही काय केलं नाहीत? कुणाला नाही म्हणालात? तुमचं पत्र दोनदा वाचलं, त्यात दुकानदार आहे, कार्यकर्ता आहे, मित्र आहे, फक्त पुराच्या पाण्यात तुम्ही कुठं दिसला नाहीत.

वहिनींचं म्हणणं सोडून देण्याचं. त्यांचं ऐकू नका, आणि तसं त्यांना सांगा. साठीनंतर ज्याच्याशी मनापासून भांडता येतं असा माणूस मिळणं सोपं नाही.

आता करायचं ते. बैठकीत जाऊ नका, तिथं चारचौघांत दोघंही मागं हटणार नाही. मध्यस्थही नको. उद्या पहाटे रंकाळ्यावर तो समोरून येईल तेव्हा पाण्याकडं बघू नका. वळा, आणि त्याच्या बाजूनं चालायला लागा. माफी मागायची असेल तर 'सूचनाफलका'ची मागा, शेवटाची नको. मग त्याला विचारा, पुराच्या त्या रात्री किटचं नेमकं काय झालं होतं. मला अशी शंका आहे की त्याला त्यातलं काहीतरी ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही. असंही असेल की ती किट त्यानंच त्या पोराला न्यायला सांगितली होती. विचारा, आणि पूर्ण फेरी होईपर्यंत मध्ये बोलू नका. वही दुसऱ्या दिवशी न्या. आषाढ लागायच्या आत संहिता पक्की झाली तर रेकॉर्डिंग आणि तालीम, दोन्हीला वेळ मिळेल.

आणि त्या पानावर कुणाला ठेवायचं हे दोघांनाही सुचलं नाही, तर कॉटखाली जार ठेवलेली एक मावशी घाला. चपात्या लाटताना दाखवा, दार लावताना दाखवा, रात्री कळशी घेऊन निघालेली दाखवा. माझी हरकत नाही. देखाव्याच्या रात्री मी येईन आणि पुढच्या रांगेत उभी राहीन.